हुशार पोरगा, गुणी पोरगी

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही घरी पाहुणे म्हणून जा. चहा होईपर्यंत घरातलं लेकरू तुमच्यापुढं उभं केलं जाईल. मुलगा असेल तर पाढे म्हणेल, नाहीतर हातवारे करून इंग्रजी कविता. पाहुणे म्हणतील, ‘मस्त हुशार आहे गा पोरगा!’ मुलगी असेल तर ती बहुधा पाण्याचा गडवा घेऊनच बाहेर येईल. पाहुणे म्हणतील, ‘मोठी गुणी आहे जी पोरगी.’ झालं कौतुक. पुढं धानाचे भाव.

माझं म्हणणं असं आहे, की या दोन्ही वाक्यांत कौतुक नाही. पहिलं वाक्य म्हणजे शिक्का आहे आणि दुसरं म्हणजे कामाची आगाऊ मजुरी.

मी स्वतः गुणी पोरगी होते. गुणी म्हणजे काय, हे मला सहाव्या वर्षीच कळलं होतं. शेवटची करंजी भावाला द्यायची, पाहुणे बसले असताना मधे बोलायचं नाही आणि लहान भाऊ रडला की खेळ सोडून उठायचं. यातलं काहीही मी दयाळू होते म्हणून केलेलं नाही. ‘समजदार आहे पोरगी’ हे ऐकायला मिळायचं म्हणून केलं. आणि मी काय विचार करते, हे मला कोणी विचारलंच नाही, कारण विचार करणं हे हुशार माणसाचं काम होतं आणि ते खातं भावाकडं होतं.

माझ्या भावाचं बरं झालं असं समजू नका. हुशार म्हणवल्या गेलेल्या मुलाची एक वेगळीच पंचाईत असते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी 1998 साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’ म्हटलं. पुढं कुठल्या प्रकारची कोडी हवीत असं विचारल्यावर हुशार म्हटलेली बरीचशी मुलं जिथं हुशारी टिकून दिसेल तिकडं वळली. मेहनतवाली मुलं जिथं नवं शिकायला मिळेल तिकडं गेली. आपले गुण दुसऱ्यांना कळवायची वेळ आली तेव्हा हुशार म्हटलेल्यांनी ते जास्त वेळा फुगवून सांगितले. शिक्का जपायचा असला की अवघड गणित हे संकटच वाटणार.

आणि 2017 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास तर थेट आपल्या दिवाणखान्यातला वाटतो. पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून आपल्यासारखीच कुणीतरी बाई निवडायच्या. सहा-सात वर्षांच्या झाल्या की ते कमी व्हायचं. ‘हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे’ असं सांगितलं तर त्यातला त्यांचा रसही कमी व्हायचा. तो अभ्यास अमेरिकेतला होता. पण पाण्याचा गडवा मी इथं पाहिला आहे.

आता यावर उपाय म्हणून रील्सवरचं पालकत्व आलं आहे. लेकरानं चप्पल सरळ ठेवली, ‘गुड जॉब!’ बहिणीला बिस्कीट दिलं, ‘वॉव, गुड बॉय!’ आणि हातावर स्टार. लाखनीपासून तुमसरपर्यंत मोबाइल तोच, म्हणून स्टारही तोच. जर्मनीत वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 साली वीस महिन्यांच्या मुलांचा अभ्यास छापला. मदत केल्यावर ज्यांना खेळण्याचं बक्षीस मिळालं, ती मुलं पुढं कमी मदत करू लागली. नुसते शब्द मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे चांगुलपणा लेकरात आधीच असतो. आपण त्याला भाव लावतो आणि मग म्हणतो, आजकालची मुलं फुकट काही करत नाहीत.

मग करायचं काय? मी आत्या आहे. घरी सहा वर्षांची पुतणी आणि चार वर्षांचा पुतण्या आहे. मला जे चालताना दिसलं ते सांगते. पैसे लागत नाहीत, वेगळा वेळही लागत नाही. रोवणीहून कंबर मोडून आलेल्या आईला आणखी एक काम सांगायची माझी हिंमत नाही.

पहिला खेळ बातमीदाराचा. लेकरानं काही जमवलं की लाटण्याचा माइक करायचा. ‘मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं? आधी काय करून पाहिलं? कुठं फसलं?’ उत्तर देताना लेकरू आपला विचार पहिल्यांदा स्वतःच ऐकतं. पुतण्या तर आता लाटणं दिसलं की मुलाखत द्यायला बसतो.

दुसरा खेळ येड्या आत्याचा. तांदूळ निवडताना मी ठामपणे सांगते, की मोठ्या डब्यात नेहमी जास्तच तांदूळ असतात. तो म्हणतो, नाही, हा डबा तर खाली आहे. मी अडून बसते. त्याला पुरावा आणावा लागतो. पटलं की हात जोडायचे, ‘हरलो बाप्पा, तुझंच खरं.’

तिसरा खेळ चांगुलपणाच्या चोराचा. दिवसभरात घरातल्या कुणाचंही एक काम गुपचूप करायचं. रात्री जेवताना ज्याचं काम झालं त्यानं चोर ओळखायचा आणि त्याचं काय सोपं झालं ते सांगायचं. ‘माझा चष्मा काठीजवळ कोणी ठेवला? सकाळी शोधावाच लागला नाही.’ इथं ‘गुणी’ हा शब्द येतच नाही. लेकराला कळतं ते एवढंच, की आपल्यामुळं आजीची सकाळ बरी गेली. या खेळाचा एक नियम कडक आहे: चोर मुलगेही होणार, बाबाही होणार आणि आजोबाही. नाहीतर खेळाच्या नावाखाली पुन्हा पोरीकडून भांडी.

जुनी माणसं म्हणतात, तोंडावर स्तुती करू नये, दृष्ट लागते. मला हे पटायला हरकत नाही. मीही लेकराची स्तुती करत नाही, त्यानं केलेल्या गोष्टीची करते. दृष्ट लागायचीच असेल तर डब्याच्या गणिताला लागू दे. दुसरे म्हणतात, आमचं कोणी कौतुक केलं नाही, आमचं काय बिघडलं? काय बिघडलं ते तुमच्या बायकांना विचारा. चाळीस वर्षं ‘भाजी चांगली झाली’ एवढं वाक्य बाहेर पडलेलं नाही.

पण खरी अडचण शब्दांची नाही. गेल्या हंगामात अंगणात धान वाळत होते आणि कोंबड्या हाकायचं काम पुतणीकडं होतं. ती म्हणाली, ‘आबा, त्यायले तिकडं कोंडा टाका ना, मग इकडं कायले येतीन?’ आमचे आबा कुणाचं ऐकणारे नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, ‘बरं, टाकून पाहू.’ टाकला. दोन कोंबड्या तरीही धानावरच आल्या. पुतणी पुन्हा विचार करायला बसली आणि आबा तिच्या बाजूला. कोणी शाब्बास म्हटलं नाही. त्या घरात त्या दिवशी एका सहा वर्षांच्या मुलीच्या विचारानं कोंडा हलला.

माझ्या मते विचाराचं कौतुक हेच, की त्याच्यामुळं मोठ्यांचं काहीतरी बदलावं. आणि नेमकं हेच आपल्याला जड जातं. ‘हुशार’ म्हणायला काही जात नाही. ‘तुझं पटलं, आता तसं करू’ म्हणताना मोठेपण थोडं खाली ठेवावं लागतं. म्हणून आपण शिक्के वाटतो, स्टार वाटतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडी नंदी सजवून आणतात, वेश करून येतात, आणि बक्षीस बहुतेक वेळा बापानं पैसे मोजलेल्या मोठ्या नंदीला जातं. नंतर लेकरं घरोघरी बोजारा मागायला येतात. यंदा तुमच्या दारात येतील तेव्हा बोजारा द्याच. पण त्याआधी खाली बसा आणि विचारा, ‘याच्या शिंगांना हा रंग कोणी ठरवला? का बरं?’ मुलीलाही विचारा. आणि ती सांगेल ते पूर्ण ऐका, मोबाइल खिशात ठेवून.