वर्तुळाला एकच प्रश्न विचारावा

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. भूकवच कोणकोणत्या मूलद्रव्यांचे बनले आहे हे दाखवणारे दोन तक्ते तेथे शेजारी शेजारी टांगलेले होते. पहिल्या तक्त्यावर एक मोठे वर्तुळ होते. त्याच्या नऊ पाकळ्या नऊ रंगांनी रंगवल्या होत्या, कडेने काळ्या शाईची रेघ होती आणि खाली रंगांची सूची होती. दुसऱ्या तक्त्यावर नुसते पेन्सिलीने काढलेले स्तंभ होते. रंग नाही की नक्षी नाही. दोघांनीही आकडे एकाच पुस्तकातून घेतले होते. पहिल्या तक्त्याला मी दहापैकी नऊ गुण दिले, दुसऱ्याला सहा.

गुण मांडून झाल्यावर पहिल्या तक्त्याजवळच्या मुलाला मी सहज विचारले, "काय रे, भूकवचात सोडियम जास्त आहे की पोटॅशियम?" तो आपल्याच तक्त्याकडे वळला. वाकून पाहिले, मग मागे सरकून पाहिले, आणि शेवटी सूचीतला आकडा वाचून म्हणाला, "सोडियम, सर."

"पण चित्रावरून कळते का?"

"चित्रावरून नाही कळत, सर. म्हणून तर आकडे लिहिलेत."

शेजारच्या तक्त्यावर सोडियमचा स्तंभ पोटॅशियमच्या स्तंभापेक्षा थोडासाच उंच होता. पण तो उंच आहे, हे कोणाला विचारावे लागत नव्हते.

घरी परतताना ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. चित्रावरून कळत नाही म्हणून आकडे लिहायचे, तर मग चित्र कशासाठी? त्या मुलाची यात काहीच चूक नव्हती. त्याने शिकवल्याप्रमाणे प्रत्येक टक्केवारीला ३.६ ने गुणून केंद्रीय कोन काढले होते आणि ते काळजीपूर्वक मांडले होते. चूक माझी होती. मी गुण सुबकपणाला दिले होते. तक्ता काय सांगतो, हे मी पाहिलेच नव्हते.

गणितात ज्याला वृत्तालेख आणि भूगोलात विभाजित वर्तुळ म्हणतात, त्या आकृतीबद्दल माझे मत आज तुमच्यापुढे मांडायचे आहे. ही आकृती आपण फार काढतो, आणि पुष्कळदा जेथे काढू नये तेथे काढतो.

भूकवचाचेच आकडे घ्या. वजनाने पाहिल्यास त्यात ऑक्सिजन सुमारे ४६.६ टक्के, सिलिकॉन २७.७, ॲल्युमिनियम ८.१, लोह ५.०, कॅल्शियम ३.६, सोडियम २.८, पोटॅशियम २.६, मॅग्नेशियम २.१ आणि बाकी सर्व मिळून १.५ टक्के. यांचे कोन पूर्णांकात काढले, तर ते अनुक्रमे १६८, १००, २९, १८, १३, १०, ९, ८ आणि ५ अंश येतात. बेरीज बरोबर ३६०.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही पहिल्याच दिवशी उपकरणाचे लघुत्तम माप काढायला शिकवतो. तुमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचे लघुत्तम माप १ अंश, म्हणजे सुमारे ०.२८ टक्के. सोडियम आणि पोटॅशियम यांच्यातला फरक ०.२ टक्के, म्हणजे पाऊण अंशाहूनही थोडा कमी. जो फरक उपकरणालाच नीट धरता येत नाही, तो नुसत्या डोळ्याला कसा दिसावा?

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, "वर्तुळ मोठे काढा, म्हणजे फरक दिसेल." ठीक आहे. १५ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढू. त्याचा परीघ सुमारे ९४ सें.मी. होईल आणि ०.२ टक्क्याच्या फरकामुळे दोन कंसांच्या लांबीत जवळजवळ २ मि.मी. चा फरक पडेल. आता स्तंभालेखात १ टक्क्याला १ सें.मी. असे प्रमाण घेतले, तर तेथेही फरक २ मि.मी. च येतो. तरीसुद्धा स्तंभांतला फरक दिसतो आणि वर्तुळातला दिसत नाही. असे का?

दोन भावांपैकी उंच कोण हे ठरवायचे असेल, तर आपण काय करतो? दोघांना एकाच जमिनीवर पाठीला पाठ लावून उभे करतो. बोटभर फरक असला तरी लगेच कळतो. पण एकाला पूर्वेकडे पाय करून आणि दुसऱ्याला तिरके झोपवले, तर तोच बोटभर फरक सांगणे अवघड होईल. स्तंभालेखातले सगळे स्तंभ एकाच पायावर उभे असतात. वृत्तालेखातली प्रत्येक पाकळी वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेली असते. फरक कागदावर असतो. पण डोळ्याला तो मोजायला समान पाया मिळत नाही.

हे केवळ माझे म्हणणे नाही. १९८४ साली विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकेतल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी लोकांना निरनिराळ्या आकृत्या दाखवून त्यांचे अंदाज किती चुकतात हे तपासले. समान पट्टीवरचे स्थान ओळखताना माणूस कमी चुकतो आणि कोन ओळखताना जास्त चुकतो, असे त्यांना आढळले.

त्यांच्यावर किंवा माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः करून पाहा. एका कागदावर ५ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्यात २०, १७, २३, १८ आणि २२ टक्क्यांच्या पाच पाकळ्या याच क्रमाने काढा. कोन अनुक्रमे ७२, ६१, ८३, ६५ आणि ७९ अंश. पाकळ्यांना अ, आ, इ, ई, उ अशी नावे द्या. दुसऱ्या कागदावर याच संख्यांचे स्तंभ काढा, दर टक्क्याला २ मि.मी. उंची. त्यांना मात्र नावे वेगळ्या क्रमाने द्या, नाहीतर पहिले उत्तर पाठ राहील. आकडे कोठेही लिहू नका. आता वर्गातल्या दहा जणांना एकेक करून बोलवा आणि प्रत्येक आकृतीतले भाग लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला सांगा. किती जणांनी क्रम बरोबर लावला आणि किती वेळ घेतला, हे वहीत लिहा. निकाल माझ्या मताविरुद्ध गेला, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. प्रयोग त्यासाठीच असतो.

ही आकृती आली कोठून, तेही सांगतो. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ती प्रथम दिसते. हा विल्यम तरुणपणी वाफेच्या इंजिनाच्या जेम्स वॅटकडे नकाशे काढण्याचे काम करीत असे. भूमितीत समांतर रेषांविषयीचे जे प्लेफेअरचे गृहीतक येते, ते त्याच्या थोरल्या भावाचे, जॉनचे. विल्यमने त्या पुस्तकात तुर्की साम्राज्याचे वर्तुळ काढून त्याचा किती भाग आशियात, किती युरोपात आणि किती आफ्रिकेत हे दाखवले. लक्षात घ्या, एक साम्राज्य आणि तीनच भाग. स्तंभालेख व रेषालेख यांचा पाया घालणाराही हाच माणूस; ते त्याने १७८६ सालीच छापले होते. म्हणजे वर्तुळ काढले, तेव्हा स्तंभ त्याला ठाऊक नव्हते असे नाही. संपूर्ण वस्तू आणि तिचे थोडेसे भाग दाखवण्यासाठी त्याने मुद्दाम वर्तुळ निवडले. आपण त्याचे वर्तुळ उचलले. निवड करण्याची त्याची सवय मात्र उचलली नाही.

आता वृत्तालेखाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याखाली आणि २९ टक्के जमीन आहे. हे वर्तुळात दाखवा. जमीन पाव भागापेक्षा थोडी जास्त आहे, हे काही न मोजता समजते. पाव भाग म्हणजे काटकोन आणि अर्धा भाग म्हणजे सरळ रेघ. या दोन खुणा आपल्या डोळ्यांत लहानपणापासून पक्क्या असतात. भाकरीची चतकोर आणि अर्धी आपण तराजूवर ठेवून ओळखत नाही. शिवाय वर्तुळ स्वतःच 'संपूर्ण' दाखवते. स्तंभालेखात सगळ्यांची बेरीज डोळ्यांसमोर नसते, ती मनात करावी लागते. 'संपूर्णाचा कितवा भाग?' एवढेच विचारले, तर वृत्तालेख स्तंभालेखाच्या मागे पडत नाही, असे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

म्हणून माझे म्हणणे असे, की वर्तुळाला एकच प्रश्न विचारावा : हा भाग संपूर्णाच्या किती? भाग दोन-तीन असावेत, फार तर चार. 'या दोघांत मोठा कोणता?' हा प्रश्न असेल तर स्तंभ काढावेत. 'काळाबरोबर काय बदलले?' हा प्रश्न असेल तर रेषा काढावी. आणि जेथे 'संपूर्ण' असे काही नसतेच, तेथे वर्तुळाचा विचारही करू नये. वर्गातल्या कोणाला कोणता खेळ आवडतो हे विचारले आणि एकाच मुलाने कबड्डी व क्रिकेट दोन्ही सांगितले, तर टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते. ते वर्तुळात कसे बसवणार?

एक सावधगिरी आणखी. हल्ली संगणकावर कळ दाबली की तिरपे आणि जाड कडेचे वर्तुळ तयार होते. वर्तमानपत्रांत आणि जाहिरातींत तुम्ही ते पाहिले असेल. घरातली एक गोल थाळी घ्या. तिच्यावर खडूने फुलीसारखे दोन व्यास काढून चार समान भाग करा, असे की एक भाग तुमच्याकडे, एक पलीकडे, एक डावीकडे व एक उजवीकडे येईल. आता थाळी पलीकडे इतकी कलती करा, की तिची उंची रुंदीच्या निम्मी दिसेल. चारही कोन खरे म्हणजे ९० अंशांचे. पण आता पुढच्या आणि मागच्या भागाचा कोन सुमारे १२७ अंश दिसतो आणि बाजूच्या भागांचा ५३ अंश. त्रिकोणमिती येत असेल तर हे स्वतः पडताळून पाहा. त्यात पुढच्या भागाला जाड कड जोडली, की त्याचा रंग आणखी जागा व्यापतो. ज्याला आपला हिस्सा मोठा भासवायचा असेल, त्याने तो पुढे ठेवला म्हणजे झाले. एकही आकडा खोटा न लिहिता खोटे चित्र काढता येते, ते असे.

आणि शेवटचे उदाहरण असे, की जेथे वर्तुळाची चूक केवळ गुणांपुरती राहत नाही. कोरड्या हवेत आकारमानाने सुमारे ७८.०८ टक्के नायट्रोजन, २०.९५ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्का आर्गॉन असतो. कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. ५ सें.मी. त्रिज्येच्या वर्तुळात त्याच्या पाकळीचा कंस सुमारे ०.१३ मि.मी. येतो. टोकदार पेन्सिलीची रेघदेखील याहून जाड असते. वर्तुळ पाहणारा म्हणेल, हा वायू हवेत नसल्यातच जमा!

पण हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले होते. म्हणजे ६६ वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढ. पृथ्वी तापण्याचे मुख्य कारण ही वाढ आहे. वर्तुळात ती वाढ अंशाच्या पंचविसाव्या भागाइतकी, म्हणजे दिसणारच नाही. कीलिंग यांनी रेषालेख काढला आणि ती चढती रेषा जगाने पाहिली. आकडे तेच, हवा तीच. पण एका चित्रात धोका दिसतो आणि दुसऱ्यात तो रेघेखाली लपतो. चुकीची आकृती निवडणे ही नुसती सौंदर्याची बाब नाही, ती अशी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. 'खालील माहितीवरून वृत्तालेख काढा' या प्रश्नाबरोबर कधीतरी 'ही माहिती कोणत्या आकृतीने दाखवाल आणि का?' असेही विचारावे, आणि त्या 'का' ला निदान दोन गुण ठेवावेत. कोन मांडण्याचे काम आता यंत्रही करते. प्रश्न ओळखून आकृती निवडणे मात्र विद्यार्थ्यानेच शिकायचे आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी तक्ता पूर्ण झाला की आकडे कागदाने झाकून पाहा. चित्र एकटे काही सांगते आहे का? सांगत असेल तर ते टांगा. नसेल तर रंगपेटी बाजूला ठेवून पट्टी व पेन्सिल घ्या. त्या प्रदर्शनातल्या मुलीने तेच केले होते. तिचे तीन-चार गुण माझ्याकडे अजून बाकी आहेत.