काच काढताना

सोमवारी लंच टेबलवर नेहमीचा प्रश्न आला, 'वीकेंडला काय केलंस?' एक जण लोणावळ्याला भिजून आला होता, दुसरीने लागोपाठ दोन सिनेमे टाकले होते. मी म्हटलं, 'ट्रकची काच काढली.' दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी विचारलं, 'स्वतःच्या ट्रकची?'

हो. म्हणजे बाबांच्या.

१९७४ सालचा टाटा १२१०. बाबांनी तो १९८३ मध्ये नागपूरहून सेकंडहँड घेतला आणि २००७ पर्यंत चालवला. भंडारा भाताचा जिल्हा. लाखनी, साकोली, तुमसर, जिकडे पाहाल तिकडे राइस मिल. त्यांचा तांदूळ आमच्या ट्रकने चोवीस वर्षं वाहिला आणि मग लाखनीत घरामागच्या चिंचेखाली जो उभा राहिला तो राहिलाच. भंगारवाला दरवर्षी येऊन भाव सांगायचा. बाबा दरवर्षी त्याला चहा पाजून परत पाठवायचे. शेवटी मीच म्हटलं, चला, याला पुन्हा उभा करू. (पुण्यात बसून असं म्हणायला काय जातं?)

टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि तिथे 'टी' आला. आमचा टीवाला. पण केबिन टाटांची नाही. तेव्हा कंपनीकडून बहुतेक चेसिस यायची आणि वरचा सगळा संसार मिस्त्री लोक उभा करायचे, लाकूड आणि पत्रा ठोकून. आमची केबिन नागपुरात बांधलेली. समोर दोन सपाट काचा, मधे एक दांडा. ड्रायव्हरची एक, क्लिनरची एक.

रंगकाम सुरू करायचं तर आधी काचा काढायच्या, हे मला नेटवरून कळलं होतं. आमच्या मिस्त्रींना ते चाळीस वर्षांपासून माहीत होतं. काचेच्या रबराखाली पाणी मुरतं, खालच्या कोपऱ्यांत साचतं आणि पत्रा आतून खातं. काच न काढता वरून रंग मारला की दोन पावसाळ्यांत फोड येतात.

'फोडून टाकू ना भाऊ, पाच मिनटाचं काम,' मिस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, नाही. ओरिजिनल आहे. सांभाळून काढायची.

तर ऐका, कधी वेळ आली तर. आधी वायपर काढायचे. मग रबर बघायचं. नवं असतं तेव्हा ते भिजवलेल्या चामड्यासारखं लवतं, त्याच्यात एक बारीक पट्टी खोचलेली असते, ती ओढली की पकड सैल होते. आमचं रबर म्हणजे दगड. गरम पाणी ओतलं, साबण चोळला, काही नाही. शेवटी कटरने रबराची बाहेरची ओठाळी कापत गेलो. रबर गेलं तरी चालेल, काच नको जायला. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, पण काचेची कड हाच तिचा सगळ्यात नाजूक भाग. तिथे एक टोच लागला की खेळ खलास. मग एकाने आत बसायचं, बारदान्याची घडी काचेवर ठेवायची आणि दोन्ही पायांनी वरच्या कोपऱ्यावर हळूहळू जोर लावायचा. मध्यावर नाही. दुसऱ्याने बाहेर काच झेलायला उभं राहायचं. आत मी होतो. जिमचे पैसे वसूल झाल्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग.

बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. 'काहून काढून राहिला? चांगली तं आहे,' एवढं एकदा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

ड्रायव्हरकडची काच निघाली. क्लिनरकडचीही निघाली. दोन्ही भिंतीला टेकवून ठेवल्या आणि मी ऐटीत गॉगल चढवून फोटो काढायला गेलो. गॉगल पोलराइज्ड आहे, महागातला, बायकोने वाढदिवसाला दिलेला. त्यातून पाहिलं तर ड्रायव्हरकडच्या काचेवर काळपट ठिपक्यांची नक्षी दिसली. क्लिनरकडची कोरी करकरीत.

आधी वाटलं धूळ असेल. पुसली. नक्षी तिथेच. मग आठवलं. टफन्ड काच तापवून झपाट्याने गार करतात, त्याने तिच्यात ताण राहतो, आणि पोलराइज्ड चष्म्यातून तो असा दिसतो. अशी काच फुटली तर तिचे दाणे होतात, पाती होत नाहीत. क्लिनरकडच्या काचेला कोपऱ्यात कंपनीचा शिक्काही नव्हता. कड हाताने कापलेली. टफन्ड काच मागून कापता येत नाही. लॅमिनेटेड म्हणावी तर कडेला दोन थर दिसायला हवेत, इथे एकच. लॅमिनेटेड म्हणजे मधे चिकट पडदा असलेली. १९०३ मध्ये बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून प्रयोगशाळेत चंबू पडला, तडकला, पण आतल्या वाळलेल्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले. तिथून तिची सुरुवात. आता गाड्यांना समोर तीच लागते. आमच्याकडे मात्र होती ती खिडकीची काच. साधी, घराच्या खिडकीची.

मिस्त्रींनी खालच्या खाचेतलं उरलेलं रबर ओढलं. त्यातून तूस निघालं, गंज निघाला आणि हरभऱ्याएवढे काचेचे दहा-बारा दाणे. ते मी तळहातावर घेऊन बाबांसमोर धरले.

बाबांनी चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं.

'देवरीच्या अलीकडं,' ते म्हणाले. '९३ साली. रात्री. समोरच्या गाडीच्या टायरमधून गिट्टी आली. एका सेकंदात सगळी काच पोराच्या मांडीवर.' पोरगा म्हणजे तेव्हाचा क्लिनर. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मिलचा माल भरायचा होता, ट्रकची काच मिळायला वेळ होता. बाबांनी खिडक्यांच्या काचा कापणाऱ्याकडून एक तुकडा कापून घेतला. आठवडाभरासाठी.

'मग?'

'मग राहूनच गेलं.'

हे ऐकताना मला हसू येत होतं. आमच्याकडे दोन दिवसांसाठी बांधलेली सुतळीही वर्षभर टिकते. मग माझ्या लक्षात आलं, त्या काचेमागे कोण बसायचं. क्लिनर गेल्यावर दुसरा ठेवलाच नाही. शाळेला सुट्टी लागली की साकोलीला मामाकडे जाताना आई तिथे बसायची आणि तिच्या मांडीवर मी. नाक काचेला लावून. मला तो वास अजून आठवतो, डिझेल, तूस आणि उदबत्तीचा. वाफेने काच धुरकट झाली की मी तिच्यावर बोटाने बैल काढायचो.

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. 'मला बोलला नाहीत कधी,' एवढंच म्हणाली आणि आत गेली.

बाबांनी पेपर घडी केला. त्यांचे डोळे आता अधू झालेत, लायसन्सचं नूतनीकरण करायचं त्यांनी स्वतःच थांबवलंय. त्या संध्याकाळी मला त्यांना काहीतरी विचारायचं होतं, रागाने की कसं ते कळेना. विचारलं नाही. रात्री जेवताना ते उगाच म्हणाले, 'तेव्हा तुझी फी भरायची होती.' आईने त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

रविवारी सकाळी उठलो तर बाबा ट्रकपाशी. जुने पेपर डिंकाने जोडून मोठा कागद केलेला, तो क्लिनरकडच्या चौकटीवर धरून पेन्सिलने कड काढणं चाललेलं. लॅमिनेटेड सपाट काच मापाने कापून मिळते, त्यासाठी हा साचा. हात थरथरत होता, म्हणून रेघ वाकडी जात होती. मी दुसरं टोक धरलं.

'नीट धर. दोन सूत इकडं-तिकडं झालं तं बसणार नाही.'

ड्रायव्हरकडची काच तशीच ठेवू, ओरिजिनल आहे, असा माझा आग्रह होता. बाबा म्हणाले, दोन्हीकडं नवीच लाव. दुपारच्या बसने मी नागपूरला निघालो तेव्हा ड्रायव्हरकडचा साचा व्हायचा होता. रबर कुठे मिळतं ते मिस्त्री बघणार आहेत.