जुनी डिझेल हॅचबॅक : ॲव्हरेजच्या पलीकडचा हिशेब

परंड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी यायचे तर बार्शीवरून, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातून वळसा घ्यावा लागतो. उमरग्याच्या माणसाला दवाखान्यासाठी सोलापूर किंवा लातूर जवळ वाटते. धाराशिव शहरातून सोलापूर आणि लातूर दोन्हीकडे साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढेच अंतर आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे, पण रात्री अकरा वाजता पेशंट हलवायचा असेल तर दारात गाडी लागते. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्यात नवी गाडी अनेकांच्या आवाक्याबाहेर राहते. मग पुण्याहून आलेली ‘एमएच-१२’ किंवा ‘एमएच-१४’ पासिंगची जुनी डिझेल स्विफ्ट, इंडिका किंवा फिगो तीन-चार लाखांच्या आत शोधली जाते. व्यवहार ठरताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि बहुतेक वेळा तोच शेवटचाही असतो.

डिझेल हॅचबॅक आल्या कुठून, गेल्या कुठे?

१९९८ च्या डिसेंबरमध्ये पिंपरीत तयार होणारी टाटा इंडिका आली आणि छोट्या गाडीत डिझेल इंजिन ही गोष्ट मराठवाड्याच्या अंगवळणी पडली. २००७ मध्ये मारुतीने स्विफ्टमध्ये फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन बसवले. हेच इंजिन फियाट पुंटोत आणि टाटा व्हिस्टातही आले. रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यात ते तयार होत असे. त्यामुळे आजही त्याचे सुटे भाग आणि हात बसलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावी सापडतो. जुनी गाडी घेताना ही बाब रंगापेक्षा आणि म्युझिक सिस्टिमपेक्षा महत्त्वाची आहे.

या गाड्या इतक्या खपल्या याचे खरे कारण सरकारी दर होते. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होते आणि डिझेल ४१ च्या आत. जानेवारी २०१३ पासून डिझेल थोडेथोडे वाढत गेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे दर पूर्ण नियंत्रणमुक्त झाले आणि ती दरी बुजत गेली. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनाला ते निकष परवडणारे नव्हते. मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, इतर कंपन्याही एकेक करून बाहेर पडल्या. आज नव्या हॅचबॅकमध्ये डिझेल हवे असेल तर टाटा अल्ट्रोझच्या पलीकडे फारसे काही उरलेले नाही. म्हणजे ज्याला छोटी डिझेल गाडी हवी, त्याला जुन्या बाजाराकडेच वळावे लागते. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

कंपनीच देशातून गेलेल्या गाड्या मोहात पाडतात. तळेगावात बनणारी शेव्हरोले बीट डिझेल किंवा फोर्ड फिगो याच वर्गातल्या इतर गाड्यांपेक्षा स्वस्त मिळते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. गाडी वाईट नसते, पण एखाद्या सेन्सरसाठी ती पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की स्वस्ताईचा अर्थ कळतो.

महिन्याला किती किलोमीटर?

कागदावर हिशेब मांडू. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरा. जुनी पेट्रोल गाडी लिटरला १६ आणि जुनी डिझेल २० किलोमीटर देते असे समजा. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या आसपास येतो, डिझेलचा चार रुपये साठ पैसे. फरक जवळपास दोन रुपयांचा. जो महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवतो त्याचे वर्षाला पस्तीस हजार रुपये वाचतात. जो चारशे किलोमीटरच चालवतो, म्हणजे आठवड्याचा बाजार, एखादे लग्न आणि तुळजापूरची वारी, त्याचे वर्षाला साडेनऊ हजार.

आता दुसरी बाजू. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर (गॅरेजच्या भाषेत नोझल), टर्बो आणि क्लच हे महागडे भाग. यातले एक मोठे काम निघाले की कमी फिरणाऱ्याची दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. शिवाय डिझेल गाडी उभी राहून खराब होते. टाकीत पाणी साचते, बॅटरी बसते. बीएस-६ गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. केवळ गावात फिरणाऱ्याने तशी गाडी घेणे म्हणजे घरात कटकट आणणे.

अलीकडे आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले, जुन्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज काही टक्क्यांनी उतरले, मग डिझेल बरे. उसाच्या या जिल्ह्यात इथेनॉलबद्दल कुरकुर व्हावी ही गंमतच. पण मुद्दा अगदीच खोटा नाही. तरी तो दीड हजार किलोमीटरवाल्याला लागू पडतो, चारशेवाल्याला नाही. आमचे मत स्पष्ट आहे : महिन्याला हजारभर किलोमीटर होत नसतील तर जुन्या डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

गाडी बघायला कधी जायचे?

सकाळी, आणि शक्य असेल तर न सांगता. तापलेल्या इंजिनात बरेच दोष लपतात, म्हणून आधी बॉनेटला हात लावून बघा. मालकाने आपण यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर तिथेच शंका घ्या. स्टार्टर मारल्यावर इंजिन किती वेळ घेते ते पाहा. मग धूर. काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरकडे बोट दाखवतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. दाट पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याचा संभव असतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडा. तिथून भकाभक धूर येत असेल तर मेकॅनिक म्हणतात ते ‘बॅक कॉम्प्रेशन’ आहे, म्हणजे इंजिन कामाला आले आहे. डिपस्टिकवरचे ऑइल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नका. डिझेलचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते.

मीटरवर विश्वास ठेवू नका. दहा वर्षांची डिझेल गाडी ‘फक्त ६० हजार चालली’ असे सांगितले जाते तेव्हा क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झिजलेली कड पाहा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मागा, तिथे प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. पुण्यात कॅब म्हणून पळालेली आणि नंतर खासगी केलेली गाडीही फिरते, ते आरसी बुकाच्या इतिहासात कळते.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात पूर आला, तेव्हा गाड्याही पाण्याखाली गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते बघा. डिकीतले स्टेपनी टायर उचला, पायाखालचे कार्पेट वर करून वास घ्या. पाण्यात उभ्या डिझेल गाडीला कोणी घाईने स्टार्टर मारला असेल तर इंजिनात पाणी ओढले जाऊन कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

बाँडवर घेतलेली गाडी कोणाची?

इथे सगळ्यात जास्त माणसे फसतात, आणि फसलो हे कळायला कधी कधी वर्षे जातात. पद्धत जुनीच आहे. बाँडवर दोन साक्षीदारांच्या सह्या (पूर्वी बाँड शंभराचा होता, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा), कोऱ्या ट्रान्सफर फॉर्मवर विकणाऱ्याची सही, दोन चाव्या, आरसी, आणि ‘नाव नंतर सवडीने करून घ्या’. ती सवड येत नाही. वर्षभराने तीच गाडी त्याच कोऱ्या फॉर्मसह पाहुण्याच्या पाहुण्याला जाते.

कायद्याच्या नजरेत या सगळ्या काळात गाडी पहिल्याच माणसाची असते. २००७ मध्ये विकलेली एक कार पुढे आणखी काही हातांतून गेली, आरटीओत नाव मात्र कोणीच बदलले नाही, आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. विकून मोकळा झालो असे समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. ई-चलनही त्याच्याच नावाने येते, आणि गाडी एखाद्या गुन्ह्यात सापडली तर पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात.

घेणाऱ्याचे नुकसान वेगळ्या बाजूने होते. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असे कायदा मानतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. नाही तर हप्ता भरलेला असूनही अपघातानंतर क्लेम नाकारला जातो. ‘नो क्लेम बोनस’ हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो विकणाऱ्याकडे राहतो आणि त्या फरकाची रक्कम नव्या मालकाला भरावी लागते.

म्हणून क्रम असा असावा. पैसे देण्याआधी गाडीचा नंबर ‘एम-परिवहन’ ॲपवर टाका. कितवा मालक, फिटनेस कधीपर्यंत, विमा आहे का, फायनान्सचा बोजा आहे का, हे तिथे दिसते. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थकीत चलने वेगळी तपासा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. थोडी रक्कम नाव होईपर्यंत राखून ठेवायची, हे आधीच बोलून घ्या. चांगला विकणारा त्याला नाही म्हणत नाही. डीलरकडून घेत असाल तर तो नोंदणीकृत आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करावी लागते आणि तेवढ्या काळाची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये तिची धार काहीशी कमी झाली, पण तिकडच्या जुन्या डिझेलचा भाव पडायचा तो पडला. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही, म्हणून त्या गाड्या इकडे येतात. परराज्यातली गाडी आणली की एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. दहा लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला तो पेट्रोलपेक्षा जास्त, मूळ दर १३ टक्के. गाडीच्या वयानुसार कमी होत असला तरी तो धरल्याशिवाय ‘स्वस्त’ म्हणू नका.

वयाचे गणितही मांडा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१२ ची गाडी घेतली तर २०२७ मध्ये फेरनोंदणी करावी लागेल. तिचे शुल्क पाच हजार, वर पर्यावरण कर आणि तपासणीत निघेल ते काम. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही बघा. आणि भाव करताना हे विसरू नका : २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. जुना भाव त्याआधीच्या नव्या किमतीवरून सांगितला जात असेल तर तो खाली आला पाहिजे.

एअरबॅगचा प्रश्न कोणी विचारत नाही

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्यांची धडक चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार. त्याच वर्षी नंतर एअरबॅग नसलेल्या स्विफ्टलाही शून्यच मिळाले. आपल्या बाजारात फिरणाऱ्या बहुतेक डिझेल हॅचबॅक त्याच काळातल्या, आणि पैसे वाचवण्यासाठी घेतलेल्या खालच्या मॉडेलच्या. सर्व गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले एप्रिल २०१९ मध्ये, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ मध्ये. त्याआधीची घेताना २०१४ नंतरची पोलो, बलेनो डिझेल किंवा २०१८ ची नवी स्विफ्ट पाहा. या गाड्यांच्या सगळ्या मॉडेलमध्ये दोन एअरबॅग आहेत. तीस-चाळीस हजार जास्त पडले तरी द्यावेत.

कारण या गाड्या चालणार आहेत त्या पुणे–हैदराबाद आणि सोलापूर–धुळे महामार्गावर. हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्री त्याच रस्त्यावर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो. समोरच्या गाडीच्या अपर लाइटमध्ये ट्रॉली दिसते तेव्हा ती वीस-पंचवीस फुटांवर आलेली असते. नळदुर्ग-उमरगा पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च रात्री साठच्या वर जाऊ नका, आणि हेडलाइटची पिवळी पडलेली काच गाडी घेतल्या दिवशीच घासून घ्या.