चोरटा व्यापार, कॉलेजचे विद्यार्थी आणि आपण



पार्सल ऑफिसात किंवा टपालाच्या थैलीत बेकायदेशीर माल सापडला की पहिला संशय ड्युटीवर असलेल्या कामगारावर येतो. माल पाठवणारा खोटे नाव-पत्ता देऊन पसार झालेला असतो, घेणारा फिरकत नाही. जबाब मात्र आपल्या माणसाचे घेतले जातात. म्हणूनच चोरटा व्यापार हा केवळ पोलीस आणि कस्टम्सचा प्रश्न नाही. तो आपलाही प्रश्न आहे. त्याचा मुळापासून अभ्यास व्हावा आणि तो करण्यासाठी पदवीच्या विद्यार्थ्यांना आतापासून तयार करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कासवांचेच उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातील गोमती, गंगा या नद्यांच्या खोऱ्यातली मऊ पाठीची कासवे गोण्यांत भरून बंगालकडे नेली जातात, आणि त्यासाठी आपल्याच गाड्या वापरल्या जातात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या व्यापाराला तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरीही जानेवारी २०१७ मध्ये एकट्या अमेठी जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक जिवंत कासवे पकडली गेली. कायदा आहे, शिक्षा आहे, धाडीही पडतात. मग धंदा का थांबत नाही?

कारण हा गुन्हा एका विषयाच्या पुस्तकात मावत नाही. कासव कोणत्या जातीचे हे प्राणिशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. ते कोणत्या नदीतून, कोणत्या मोसमात, कोणत्या मार्गाने निघाले हे भूगोलाचा सांगेल. पकडणाऱ्या गरिबाच्या हाती किती पडते आणि दलाल किती खातो, हा हिशेब अर्थशास्त्राचा. पंचनामा, सील आणि मुद्देमालाची नोंद यांत कोठे ढिलाई झाली म्हणजे खटला पडतो, हे कायद्याचा विद्यार्थी शोधील. चौघे वेगवेगळे बसले तर चार निबंध होतील. एकत्र बसले तरच साखळी दिसेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा दिला, त्यात अनेक विषय जोडून शिकण्यावर भर आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु चौथ्या वर्षी संशोधन करायचे तर आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत, अशी अट आहे. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी नोकरी करणाऱ्या कामगाराच्या मुलाने काय करायचे? संशोधनाचे शिक्षण पहिल्या वर्षापासून आणि सर्वांना मिळाले पाहिजे.

दुसरी गोष्ट. या साखळीचा एक दुवा आपल्या हातातून जातो, आणि त्याचे ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात नाही. प्रवासी गाड्यांतील पार्सलची जागा आता मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांना भाड्याने दिलेली आहे. माल त्यांचीच माणसे चढवतात आणि उतरवतात. आत काय आहे हे आपल्या क्लार्कला दिसतच नाही. टपालातही बंद पाकिटात काय आहे हे पोस्टमनला कळत नाही, आणि ते उघडून पाहण्याचा अधिकारही त्याला नाही. ही वस्तुस्थिती संशोधनात नोंदली गेली, तर जबाबदारी कोणाची हे ठरवताना कामगाराला आधार मिळेल. ती नोंदली गेली नाही, तर अहवाल पुन्हा शेवटच्या माणसाकडेच बोट दाखवील.

मात्र मुलांना खबरे बनवू नये. तस्करांचा पाठलाग करणे हे त्यांचे काम नव्हे. निकाली निघालेले खटले, न्यायालयाचे निर्णय, जप्तीच्या जाहीर नोंदी आणि कामगारांच्या मुलाखती एवढ्यावरच त्यांनी अभ्यास करावा. त्यासाठी आमच्या मागण्या अशा आहेत:

१) मोठ्या जंक्शनच्या आणि टपाल केंद्रांच्या शहरांतील कॉलेजांनी असे संयुक्त प्रकल्प घ्यावेत आणि त्यांत मान्यताप्राप्त युनियनला स्थान द्यावे.

२) माहिती देणाऱ्या कामगाराचे नाव गुप्त राहावे. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच चार्जशीटसाठी वापरली जाऊ नये.

३) निष्कर्ष कामगारांना समजेल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत परत यावेत.

चोरट्या व्यापारात नद्या, जंगले, सरकारी तिजोरी आणि तरुण मुलांची आयुष्ये उद्ध्वस्त होतात. त्याचे ओझे आपल्या डोक्यावरून जाते आणि डागही आपल्यालाच लागतो. तेव्हा शाखांच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या, आणि जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र लिहा. विद्यार्थी आले तर त्यांना यार्ड आणि सॉर्टिंग ऑफिसचे काम समजावून सांगा. पुस्तकातली विद्या त्यांची, कामातला अनुभव आपला. दोन्ही एकत्र आल्याखेरीज या धंद्याची साखळी तुटणार नाही.