पाच दारांची पाहुणी

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. चार दारांनी माणसं आत जातात, पाचव्या दारानं पिशव्या जातात आणि पाचही दारं लावली की घरच चालायला लागतं! सांगा पाहू, काय ते?

बरोब्बर, मोटारगाडी! पण कुठलीही मोटार नव्हे हं. ही आहे हॅचबॅक. गेल्या महिन्यात आमच्याकडे अशी एक पांढरीशुभ्र, पाच दारांची पाहुणी मुक्कामाला आली. आता पाच वर्षं हप्ते भरायचे आहेत, तेव्हा मुक्काम लांबणार हे नक्की! तिची कंपनी कुठली, नाव काय, ते मात्र विचारू नका. हे सदर काही जाहिरातीचं नाही. गाडी नवी असताना काय काय दिसलं, काय काय कळलं, तेवढंच आज सांगणार आहे.

आधी 'हॅचबॅक' म्हणजे काय ते पाहू. तीन काडेपेट्या घ्या. मधली उभी करा आणि तिच्या पुढे एक, मागे एक अशा आडव्या ठेवा. झाली जुन्या पद्धतीची मोटार! पुढच्या पेटीत इंजिन, मधल्या पेटीत माणसं, मागच्या पेटीत सामान. तुमच्या आजोबांच्या वेळची अँबॅसिडर अशीच होती. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून गाजलेली पद्मिनीही अशीच. आता मागची काडेपेटी काढून टाका. उरलेल्या दोन पेट्यांत तेवढंच सगळं बसवा. सामानाची जागा मागच्या सीटच्या पाठीशीच, आणि तिथे काचेसकट वर उघडणारं पाचवं दार. ही झाली हॅचबॅक. मागच्या सीटची पाठ पुढे पाडली, की सामानाची आणि माणसांची खोली एकच होते. आमच्या थोरल्याची सायकल पुढचं चाक काढून आत मावली, तेव्हा या दाराची खरी किंमत कळली.

एवढ्याशा गाडीत इतकी जागा कशी निघते? त्याची युक्ती सापडली १९५९ साली, इंग्लंडमध्ये. ॲलेक इसिगोनिस नावाच्या इंजिनिअरनं 'मिनी' नावाची गाडी बनवली. लांबी जेमतेम तीन मीटर! त्यानं इंजिन गाडीत उभं न बसवता आडवं बसवलं आणि त्याची ताकद मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना दिली. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक दांडा नको झाला आणि वाचलेली जागा माणसांना मिळाली. गंमत म्हणजे त्या मिनीला पाचवं दार नव्हतंच. ते दार १९६१ साली आलेल्या फ्रान्सच्या 'रेनॉ ४' या गाडीनं घराघरांत नेलं. आणि आपल्याकडे? १४ डिसेंबर १९८३ या दिवशी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या मालकाला दिल्या गेल्या. तिचं इंजिन होतं ७९६ घनसेंटिमीटरचं. ही गाडी २०१४ पर्यंत बनत राहिली. मध्यंतरी १९९८ साली पुण्यात तयार झालेली इंडिकाही रस्त्यावर आली. तुमच्या आईबाबांना विचारा, यांतल्या एखाद्या तरी गाडीत ते दाटीवाटीनं बसलेले असतील!

आता आमच्या पाहुणीकडे वळू या. तिचं इंजिन ९९८ घनसेंटिमीटरचं, म्हणजे साधारण एक लिटरचं. त्यात सिलिंडर तीन. सिग्नलला उभी असली की ती किंचित थरथरते. आजीला वाटलं, गाडीला थंडी वाजून आली! तसं नव्हे. चार सिलिंडरांचे धक्के एकमेकांना बरेचसे सांभाळून घेतात, तीन सिलिंडरांना ते तितकंसं जमत नाही. म्हणून ही थरथर. पण एक सिलिंडर कमी म्हणजे वजन कमी, घर्षण कमी आणि पेट्रोलही कमी.

स्टिअरिंग इतकं हलकं, की एका बोटानं फिरेल. (फिरवायचं मात्र दोन्ही हातांनीच हं!) आत विजेची एक छोटी मोटर बसलेली असते, तीच निम्मं काम करते. पाच माणसं बसली की गाडी खाली दबते, मग गल्लीतल्या उंच गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून हळूच, मुंगीच्या पावलांनी जावं लागतं. पहिले हजार किलोमीटर गाडी जोरात हाणायची नाही, असं पुस्तिकेत लिहिलं आहे. नव्या चपलेसारखंच आहे हे. आतले भाग एकमेकांवर घासून नीट बसेपर्यंत दमानं घ्यायचं.

गाडी एका लिटरला किती जाते, हा हिशेब आमच्या थोरल्यानं केला. टाकी काठोकाठ भरली, किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला. पुन्हा टाकी भरायला गेलो तेव्हा १९ लिटर पेट्रोल मावलं आणि मधलं अंतर होतं ३४२ किलोमीटर. भागाकार करा पाहू! १८ आले ना? जाहिरातीतला आकडा याहून मोठा असतो, कारण ती चाचणी ठरावीक पद्धतीनं घेतलेली असते. तिथे ना आपला सिग्नल, ना मध्येच आडवी येणारी म्हैस!

पण दोस्तांनो, या पाहुणीची सगळ्यात पहिली लक्षात आलेली सवय म्हणजे तिची बडबड. मागे घेताना भिंत जवळ आली की टीं टीं. वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला की टीं टीं. पुढे बसलेल्यानं पट्टा लावला नाही की टीं टीं टीं टीं! जुलै २०१९ पासून आपल्या देशात बनणाऱ्या मोटारींना या तिन्ही सूचना देणं सक्तीचं झालं. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, बाजारात एक चिमटी मिळते. पट्ट्याच्या खाचेत खोचली की ओरडणं बंद!" ही म्हणजे परीक्षेत नापास झाल्यावर प्रगतिपुस्तक फाडून टाकण्यातली गत झाली. अशा चिमट्या विकणं थांबवा, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ साली ऑनलाइन विक्रेत्यांना दिला होता. आम्ही त्या गृहस्थांना चहा पाजला आणि विषय बदलला.

आमच्या गाडीत मागच्या सीटवरचे पट्टे मात्र ओरडत नव्हते. ती गोष्ट आमच्या धाकटीनं शोधली. ती सहावीत आहे. गाडीला नवीकोरी सीटकव्हरं घालून आणली आणि ती मागे जाऊन बसली. जरा वेळानं म्हणाली, "बाबा, पट्टा आहे, पण खोचायचा कुठं?" पाहतो तर काय, कव्हरं घालणाऱ्यानं पट्ट्यांच्या तिन्ही खाचा सीटच्या खाली खुपसून टाकलेल्या! दुकानात परत गेलो तर तो हसून म्हणाला, "मागं कोण लावतंय साहेब? नुसतं टोचतं." तिथेच उभं राहून तिन्ही खाचा वर काढून घेतल्या. तुमच्या गाडीतही आज एकदा सीटच्या फटीत हात घालून पाहा बरं!

"मागं कोण लावतंय" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं उत्तर विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. एसटीनं करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे का जातात? जडत्व! बस थांबते, पण माणसांचं शरीर आधीच्याच वेगानं पुढे जात राहतं. आता आकडे घेऊ. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. शहरातला साधा वेग. या वेगानं धडकणं म्हणजे पाच मीटर उंचीवरून खाली पडण्यासारखं. गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला थांबवायला तिच्या वजनाच्या सुमारे दहापट जोर लागतो. म्हणजे मांडीवरचं १० किलोचं बाळ त्या क्षणी १०० किलोच्या पोत्यासारखं होतं. सांगा, कोणती आई, कोणता बाबा ते हातांनी धरून ठेवेल? आणि मागचं माणूस बांधलेलं नसेल, तर ते पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळतं ते वेगळंच.

पट्टा हा जोर छाती आणि कंबरेच्या मजबूत हाडांवर वाटून देतो. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश इंजिनिअरनं तयार केला, तोही १९५९ सालीच! व्होल्वो कंपनीनं तो इतर सगळ्या कंपन्यांनाही वापरायला मोकळा ठेवला. पुढच्या सीटसमोरची हवेची पिशवीसुद्धा पट्टा लावलेला आहे असं धरूनच बनवलेली असते. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. एवढा तो दणका लहान मुलाला सोसत नाही, म्हणून तुमची जागा मागे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं निधन झालं. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी मोठी, महागडी होती. पण जडत्व गाडीची किंमत विचारत नाही.

आता खरी परीक्षा आली ती जेजुरीला जाताना. नवी गाडी खंडोबाच्या पायाशी न्यायचीच, हा आजीचा हट्ट. माणसं मोजली: आजी, आत्या, काकू (म्हणजे माझी बायको, तुमच्या काकूच की!), दोन मुलं आणि मी. सहा! पट्टे पाच. आत्या म्हणाली, "त्यात काय? धाकटीला घेते मांडीवर. आम्ही तर जीपमध्ये पंधराजण जायचो." आजी म्हणाली, "पट्टा बांधून घ्यायला मी काय विमानात बसलेय?" धाकटीनं वही आणली. स्वतःचं वजन लिहिलं ३२ किलो, त्याला दहानं गुणलं आणि आत्यासमोर धरलं. "आत्या, ३२० किलो धरशील?"

घरात जरा वेळ शांतता. नव्या गाडीच्या पहिल्याच यात्रेला कुणाला मागे ठेवायचं? कुणाचं मन मोडायचं? शेवटी मी स्वारगेटला गेलो आणि जेजुरीची एसटी पकडली! गाडी काकूंनी चालवली. दिवे घाटात पाच माणसांना घेऊन चढताना इंजिन दुसऱ्या गिअरवर कुरकुरलं, पण दमलं नाही, असा अहवाल मला नंतर मिळाला. बॉनेटवर भंडारा पडला, पांढरी पाहुणी पिवळी झाली. परतताना आत्या सासवडला तिच्या घरी उतरली आणि पाचवा पट्टा मला मिळाला. घाट उतरताना काकूंनी पुन्हा दुसराच गिअर ठेवला. चढायला जो गिअर, उतरायलाही तोच. म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. आणि आजी? तिनं जाताना पट्टा लावला तो धाकटीच्या हट्टापायी. येताना मात्र स्वतःच खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, "पदरासारखाच आहे गं. सवयीचा प्रश्न."

तर मग, या आठवड्याचा घरचा अभ्यास लिहून घ्या. तुमच्या घरच्या, शेजारच्या किंवा शाळेत नेणाऱ्या गाडीत एकूण पट्टे किती आणि माणसं किती बसतात ते मोजा. पट्टा तुमच्या खांद्याच्या मधून आणि कमरेच्या हाडावरून जातो, की मानेवरून आणि पोटावरून, तेही पाहा. मानेवर येत असेल तर तुमची उंची अजून पट्ट्याजोगी झालेली नाही. साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत मुलांसाठी खास उंच बैठक मिळते, ती वापरायची. आणि पालकहो, हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी: चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा मुलांची खास बैठक लावणं ही २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यानं गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. चुकलं तर दंड हजार रुपये. पण तो हिशेब रुपयांचा. वहीतला हिशेब मुलांनाच विचारा. त्यांना आता दहानं गुणता येतं!