गृहसंगीत : तबकडीचा हरवलेला स्वर

कै. तीर्थरूपांच्या मागें राहिलेल्या ध्वनिमुद्रिका मातोश्रींस पुन्हा ऐकतां याव्यात, या हेतूनें गेल्या वर्षीं मीं एक टर्नटेबल घरीं आणलें. तें अँप्लिफायरला जोडून पंडित भीमसेन जोशी यांची एक तबकडी मोठ्या हौसेनें लावली. परंतु भिंतीआडून कोणी कुजबुजावें तसा क्षीण आणि चिरका स्वर उमटला. मातोश्री म्हणाल्या, “अरे, हा आवाज तो नव्हे. हे तबकडी लावीत, तेव्हां सारें घर भरून जाई.” मीं दोष जुन्या तबकड्यांना दिला, त्या काढून टाकाव्या, असेंही मनांत येऊन गेलें. सुदैवानें तसें घडलें नाहीं. दोष तबकड्यांचा नसून माझ्या अज्ञानाचा होता. वाचकांपैकीं कोणाकडून तीच चूक होऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

खांचेंतून फिरणाऱ्या सुईपासून निघणारी विद्युत् अत्यंत अल्प असते. ‘मूव्हिंग मॅग्नेट’ जातीच्या काट्रिजमधून ती साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, तर ‘मूव्हिंग कॉइल’ जातीच्या बहुतेक काट्रिजमधून अर्ध्या मिलिव्होल्टाच्या आंतबाहेर मिळते. अँप्लिफायरला मात्र शेंकडों मिलिव्होल्टांची अपेक्षा असते. शिवाय, खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर खांच फार रुंद होते, आणि तार स्वर तबकडीच्या खरखरींत बुडून जातात. म्हणून कोरतांनाच खर्ज दाबतात व तार स्वर उचलतात. या कोरणीचें १९५४ सालीं अमेरिकेंत ठरलेलें ‘आर. आय. ए. ए.’ हें प्रमाण पुढें सर्वत्र रूढ झालें. त्यानुसार २० हर्ट्‌झच्या स्वरांत सुमारें २० डेसिबल घट, तर २०,००० हर्ट्‌झच्या स्वरांत जवळजवळ तितकीच वाढ केलेली असते. हा उलटा हिशेब सुलटा करून अल्प विद्युत् वाढविणारें यंत्र तें फोनो प्रीअँप.

तें घेण्यापूर्वीं घरांतील यंत्रें नीट पाहावीं. जुन्या अँप्लिफायरना बहुधा ‘फोनो’ अशी स्वतंत्र जोडणी असे. आणि कित्येक नव्या टर्नटेबलांच्या पोटांतच प्रीअँप बसविलेलें असतें. अशा ठिकाणीं दुसरें विकत घेणें व्यर्थ होय. इतकेंच नव्हे, तर एकावर एक अशीं दोन जोडल्यास स्वर फाटतो.

विकत घ्यावयाचेंच झाल्यास प्रथम काट्रिजची जात विचारावी. मूव्हिंग मॅग्नेटसाठीं सुमारें ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट, वाढ आणि ४७ किलोओहमचा भार पुरतो. मूव्हिंग कॉइलला मात्र ६० डेसिबल, म्हणजे हजारपट, वाढ लागते. यंत्राची स्वतःची खरखर जितकी कमी तितकें उत्तम. काट्रिजपेक्षां प्रीअँपवर अधिक खर्च करण्याचा मोह मात्र टाळावा. टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीअँपला घट्ट जोडावी, नाहींतर ५० हर्ट्‌झची घूं घूं मागें लागते. जोडतारा आंखूड असाव्यात.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. वडिलोपार्जित संग्रहांत ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर त्यांवर एलपीची बारीक सुई चालवूं नये. त्यांची खांच रुंद असल्यामुळें वेगळी सुई लागते. त्यांची कोरणीही वरील प्रमाणाच्या पूर्वींची असून कंपनीगणिक भिन्न आहे. त्यांसाठीं खर्ज व तार यांचें माप बदलतां येईल असें प्रीअँप पाहावें.

आमच्या घरीं साधेंच प्रीअँप आलें. तीच तबकडी पुन्हा लावली, तेव्हां मातोश्री वाती वळीत बसल्या होत्या. तंबोऱ्याचा खर्ज खोलींत भरला, आणि त्यांचे हात थांबले. तबकडी संपेपर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, “दुसरी बाजू लाव.”