गुलाबी? टेन्शन नॉट!

रविवारी सकाळी साडेआठला मी कुठे असते, हे या पानावर नेहमी येणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पांघरुणात. तर गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी स्वयंपाकघरातून 'धप्प' असा आवाज आला. आईने कुकर पाडला असणार, असं म्हणून मी कूस बदलली. पण मागोमाग ना हाक, ना ओरडा, ना बाबांच्या नावाने शंख. हे काही बरोबर नाही, म्हणून उठले.

ओट्यावर पोळपाटाएवढा स्लॅबचा तुकडा पडला होता. बरोब्बर शेगडीवर. चहाचं पातेलं चेपलेलं, चहा भिंतीवर आणि आई फ्रीजचं दार धरून उभी. दूध काढायला दोन पावलं मागे सरकली होती, तेवढ्यावर निभावलं. "गॅस बंद कर आधी," एवढंच म्हणाली. छताला हे भगदाड! आत दोन सळया दिसत होत्या. तांबूस, फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या. बोट लावलं तर चूरच हातात आला.

आमची बिल्डिंग १९८४ची. समुद्र चालत दहा मिनिटांवर. इस्टेट एजंट लोक याला 'सी ब्रीझ' म्हणतात आणि त्याचे वरती दहा लाख लावतात. ही ब्रीझ स्लॅबमध्ये काय काय करते हे मात्र कोणत्याच ब्रोशरमध्ये नसतं.

आणखी एक गोष्ट सांगायची तर बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. गेली चौदा वर्षं. २०१२ मध्ये त्यांनीच बिल्डिंगचं रिपेअर करून घेतलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातही तेव्हा एक पॅच मारला होता. आताचा तुकडा त्या पॅचचा नव्हता. पॅच जागच्या जागी ठणठणीत! तुकडा पडला तो त्याला अगदी चिकटून असलेल्या भागाचा. बाबा खुर्चीवर चढून बराच वेळ नुसते वर बघत राहिले. "बघ, आपण केलेलं काम नाही पडलं," म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

तिसऱ्या दिवशी ऑडिटवाला इंजिनीअर आला. माझ्याच वयाचा, पाठीला सॅक, कानात इअरफोन. मला वाटलं, हा काय करणार! त्याने छोटी हातोडी काढली आणि छतभर ठोकत सुटला. कलिंगडवाला कसा टिचकी मारून बघतो, तस्सं. जिथे काँक्रीट धड तिथे खणखणीत आवाज, जिथे आतून सुटलंय तिथे बद्द. आमच्या हॉलमध्ये इतके बद्द आवाज आले की आईने सोफा भिंतीला सरकवला.

मग त्याने एका कोपऱ्यात छिन्नीने ताजा खड्डा पाडला आणि स्प्रेच्या बाटलीतून काहीतरी फवारलं. दोन सेकंदांत आतला भाग झक्क गुलाबी झाला. बाहेरच्या बाजूची पट्टी मात्र होती तशीच राखाडी. बाबा घाबरले. "अरे बापरे, एवढं खराब?"

"उलट आहे काका. गुलाबी म्हणजे चांगलं. राखाडी ते गेलं."

बाटलीत होतं फिनॉल्फ्थॅलिन. आठवलं? दहावीची लॅब, ब्युरेट, एक थेंब जास्त पडला की जर्नलमध्ये शेरा. तेच. अल्कली असेल तिथे गुलाबी. आता फंडा असा की, ताजं काँक्रीट भयंकर अल्कलाइन असतं, पीएच साडेबारा-तेराच्या घरात. एवढ्या अल्कलीत लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर बसतो आणि तो सळीला गंजू देत नाही. म्हणजे सिमेंट सळीला नुसतं पकडून ठेवत नाही, तिला सांभाळतंसुद्धा.

बिघाड करते ती हवा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधल्या चुन्याशी हेच करतो. अत्यंत सावकाश, बाहेरून आत. चुन्याचा खडू होतो. खडू झाल्याने काँक्रीट कमजोर होत नाही, पण त्याची अल्कली जाते, पीएच नऊच्या खाली येतो आणि हा राखाडी पट्टा सळीपर्यंत पोचला की तिचं कवच गळून पडतं. पुढे पाणी आणि हवा आहेतच. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. ती कुठून आणणार? मग तो काँक्रीट फोडतो. पोपडा पडतो तेव्हा आपण म्हणतो, वरच्यांचं बाथरूम गळतंय. कधी ते खरंही असतं. पण ओल नुसती आगीत तेल ओतते, आग आधीच लागलेली असते.

मला सगळ्यात भारी वाटलं ते यातलं गणित. हा पट्टा वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने आत सरकतो. म्हणजे सळीवर २० मिलीमीटर काँक्रीट असेल आणि तिथवर पोचायला समजा १५ वर्षं लागत असतील, तर ४० मिलीमीटरला ३० नाही, ६० वर्षं लागतात. जाडी दुप्पट, आयुष्य चौपट! सळीवरच्या या जाडीला साइटवर 'कव्हर' म्हणतात आणि ते नीट राहावं म्हणून सळ्यांखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. कव्हर ब्लॉक. अगदी किरकोळ वस्तू. पण काँक्रीट ओतताना कोणाच्या तरी पायाखाली ठोकळा सरकला की सळी सेंट्रिंगच्या प्लायला टेकते आणि तीस वर्षांनी कोणाच्या तरी चहावर स्लॅब पडतो. आमच्याकडे मोजलं तर कव्हर निघालं १५ मिलीमीटर. २००० सालचं आयएस ४५६ हे भारतीय मानक समुद्राकाठच्या हवेसाठी ४५ मिलीमीटर कव्हर आणि किमान एम ३० ग्रेडचं काँक्रीट सांगतं. आमची बिल्डिंग त्याच्या आधीची, त्यामुळे तिला त्यावरून बोल लावणं बरोबर नाही. पण तुम्ही आता फ्लॅट बुक करत असाल तर मॉड्युलर किचनचा रंग विचारण्याआधी हे दोन आकडे विचारा. सेल्सवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, मी एका मैत्रिणीबरोबर जाऊन ट्राय केलंय.

तर गुलाबी म्हणजे टेन्शन नॉट, असं मी स्टेटस टाकणारच होते. इंजिनीअरने पाणी ओतलं. म्हणाला, समुद्राजवळ गुलाबीवर फार विसंबू नका. मिठातलं क्लोराइड आत शिरलं की अल्कली शाबूत असतानाही सळीचं कवच फोडतं. ठिपक्याठिपक्याने, आतल्या आत. बाहेर पोपडासुद्धा दिसत नाही कधीकधी. गोव्यातला पणजीचा जुना मांडवी पूल आठवतो? आपल्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही नव्हता. १९७० च्या सुमारास बांधलेला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. सोळा वर्षं फक्त. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. खाऱ्या खाडीवरचा पूल, वरून आपला धडधाकट.

आता त्या पॅचबद्दल. हे ऐकताना मी बाबांकडे बघायचं टाळत होते. सळी गंजते तेव्हा ती एक छोटी बॅटरीच असते. एक भाग गंजतो आणि त्याच्या बदल्यात शेजारचा भाग वाचतो. २०१२ मध्ये गंजलेला भाग साफ करून वर नवं, झकास सिमेंट मारलं. तो भाग सुरक्षित झाला. पण आजूबाजूच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ तसंच होतं. मग बॅटरी उलटी झाली. जो शेजारी इतकी वर्षं वाचत होता, तोच गंजायला लागला. म्हणजे पॅच चांगला होता म्हणूनच त्याच्या कडेला स्लॅब फुटला. जगभर रिपेअरवाल्यांना याने छळलंय.

यावर उपाय आहे आणि तो ऐकून मी चाट पडले. पॅच मारताना त्याच्या कडेने सळीला जस्ताचे लाडवाएवढे गोळे तारेने बांधायचे आणि वरून मसाला भरायचा. जस्त लोखंडाआधी गंजतं. ते स्वतः झिजत जातं आणि सळी वाचते. बळीचा बकराच! ही आयडिया दोनशे वर्षं जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजू नयेत म्हणून त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. पत्रे झिजायचे थांबले. पण तांबं विरघळत होतं म्हणूनच जहाजाला शेवाळ-शिंपले चिकटत नव्हते, हे नंतर कळलं. वाचलेल्या जहाजांवर रानच माजलं. बिचारा.

मटेरियलच्या दुनियेत असे पोपट बरेच झालेत. सळीला इपॉक्सीचा रंग द्यायचा, म्हणजे प्रश्नच मिटला, असं अमेरिकेत सत्तरच्या दशकात ठरलं. फ्लॉरिडा कीजमधल्या समुद्रातल्या नव्या पुलांत त्या सळ्या घातल्या. पुलांना दहा वर्षंही झाली नव्हती आणि १९८६ मध्ये खांबांत गंज सापडला. रंगाला जिथे ओरखडे गेले होते तिथून मीठ शिरलं होतं. याउलट मेक्सिकोच्या प्रोग्रेसो बंदरात १९४० च्या सुमारास एका धक्क्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापरल्या. शेजारी साठच्या दशकात साध्या सळ्यांचा दुसरा धक्का बांधला. नवा केव्हाच मोडून समुद्रात गेला, म्हातारा अजून उभा. मग सगळीकडे स्टेनलेस का नाही? किंमत, दुसरं काय! साध्या सळीच्या कैकपट.

रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसले. (आई हॉलमध्ये झोपली होती, बरोब्बर खणखणीत आवाजाच्या भागाखाली.) नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला हेंक योंकर्स नावाच्या मायक्रोबायॉलॉजिस्टने काँक्रीटमध्ये चक्क बॅक्टेरिया घातलेत. सुप्तावस्थेतले, सोबत त्यांचा डबा, कॅल्शियम लॅक्टेट. भेग पडली, पाणी आत आलं की ते उठतात, जेवतात आणि खडू बनवून भेग बुजवतात. २०११ च्या त्यांच्या प्रयोगात शंभर दिवस पाण्यात ठेवल्यावर ०.४६ मिलीमीटरपर्यंतच्या भेगा बुजल्या. साध्या काँक्रीटमध्ये ०.१८ पर्यंतच्याच. २०२३ मध्ये एमआयटीच्या अदमिर मासिक यांच्या टीमने दाखवलं, की जुन्या रोमन काँक्रीटमधले पांढरे चुन्याचे खडे म्हणजे कालवण्यातला आळस नव्हता. रोमन लोक कळीचा चुना गरमागरम कालवायचे, खडे राहायचे आणि पुढे भेगेतून पाणी आलं की तोच चुना विरघळून भेग भरायचा. त्यांनी तसंच काँक्रीट बनवलं, फोडलं, त्यातून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी बंद. म्हणजे सळीचं कवच घालवणारा खडू तोच आणि भेग बुजवणाराही तोच!

सकाळी मी हे सगळं बाबांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "रोमन लोकांच्या स्लॅबमध्ये सळ्या होत्या का?"

नव्हत्या. पॅन्थिऑनचा तो जवळपास १९०० वर्षांचा घुमट, ४३ मीटरचा, बिनसळीचा आहे. गंजायला काही नाहीच. बाबांना पॉइंट दिला.

पुढच्या रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग झाली. दोन टेंडरं होती. एक साधं, ठोका, भरा, रंगवा. दुसरं जस्तवालं, दर फ्लॅटमागे दोन लाख ऐंशी हजार. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, रीडेव्हलपमेंट येतंच आहे, कशाला खर्च? हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. कोणीतरी म्हणालं, मागच्या वेळी झालं ना स्वस्तात?

बाबा उठले. मला वाटलं, पॅच अजून उभा आहे हे सांगणार. ते म्हणाले, "मागच्या वेळचं टेंडर मी निवडलं होतं. सगळ्यात कमी होतं म्हणून. त्यानंतर एकदाही ऑडिट करून घेतलं नाही. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला दर तीन वर्षांनी करायचं असतं, सोसायटीच्या उपविधीतच आहे. ते माझं काम होतं." आणि बसले. गच्चीवर एवढी शांतता मी फक्त करंट गेल्यावर ऐकली आहे.

आई मागच्या रांगेतून म्हणाली, "मला ओट्याशी उभं राहायचंय रोज. बाकी तुम्ही ठरवा."

जस्तवालं टेंडर अकरा विरुद्ध पाचने पास झालं. आमच्या वाट्यातले दीड लाख माझ्या युरोप फंडातून गेले. रोमला जाऊन तो घुमट बघायचा होता, आता पुढच्या वर्षी.

परांची बांधून झालीये, हॉलभर धूळ आहे, चहा सध्या गॅलरीत इंडक्शनवर होतो. इंजिनीअरने छिन्नीने काढलेला एक गुलाबी तुकडा बाबांनी टीव्हीशेजारी ठेवलाय. हवेने त्याचा रंग दिवसागणिक फिका पडतोय आणि ऑफिसला निघताना ते रोज मला विचारतात, "बघ गं, अजून आहे का थोडा?"